पाईपर्यंत न पोचलेल्या चिठ्ठ्या

कारांदातीच्या चर्चची कचेरी सुनिल्दा ओवेलार हिनं एकोणीस वर्षं सांभाळली. बाप्तिस्म्याचे दाखले लिहायचे, लग्नाच्या तारखा लावायच्या, मेलेल्यांच्या नावानं कुणाची मिस्सा, म्हणजे वेदीवरची प्रार्थना, कुठल्या दिवशी ते वहीत टिपून ठेवायचं, वेदीवरच्या चादरी धुवायची पाळी कुणाची ते बघायचं, ही सगळी कामं तिची. अक्षर मोत्यासारखं. गावातल्या शाळकरी पोरांपैकी बहुतेकांचं नाव पहिल्यांदा कागदावर उतरलं ते तिच्याच हातानं.

बाप ऊसतोडीला जायचा, आई चर्चचे कपडे धुवायची. नवरा बुएनोस आयरेसला बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. लेक निमिया मोठी झाली आणि स्पेनमध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याची सेवा करायला निघून गेली. मग घरी उरलं काय, तर चार कोंबड्या आणि एक पंखा. सुनिल्दाचा सगळा जीव कचेरीत. पाराग्वेतल्या त्या लाल मातीच्या गावात ती धर्मगुरूच्या खालोखाल ओळखीची बाई होती, आणि ते तिला आवडायचं. हे तिनं पुढं स्वतःच कबूल केलं.

कचेरीच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. बिशपांकडून सगळ्या चर्चना पत्र आलं होतं की लोकांच्या मनात काय आहे ते ऐकून घ्या. तेव्हाचे पाई एउसेबिओ सत्तरी ओलांडलेले. धर्मगुरूला तिथं सगळे पाईच म्हणतात. त्यांनी गावातल्या सुताराकडून, सिरिलो ओहेदाकडून, पेटी करून घेतली आणि मिस्सेत सांगितलं, "ज्याला जे वाटतं ते लिहा. नाव घातलं तरी चालेल, नाही घातलं तरी चालेल."

पहिले दोन महिने पाई स्वतः पेटी उघडायचे. कुणी लिहायचं, गाणाऱ्या बायका फार चढ्या सुरात गातात. कुणी लिहायचं, कुत्र्यांना चर्चमध्ये येऊ देऊ नका. म्हातारा हसायचा, मान डोलवायचा. तिसऱ्या महिन्यात एक चिठ्ठी निघाली. "पाई आता मिस्सेत ओळी विसरतो. दफनाच्या वेळी मेलेल्याचं नाव चुकवतो. ह्याला घरी पाठवा आणि धड माणूस आणा."

पाई एउसेबिओंनी ती घडी करून खिशात ठेवली. दोन दिवस सुनिल्दानं नेलेलं सूप तसंच परत आलं. रविवारी मिस्सेत ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते, आणि कपाळावरचा घाम टिपकन पुस्तकावर पडत होता. सुनिल्दाला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पाई, पेटीची किल्ली माझ्याकडं द्या. मी वाचते आणि कामाचं तेवढं तुम्हाला सांगते."

"घे बाई," ते म्हणाले. सुटल्यासारखंच.

चाळणी लागली ती अशी, मायेपोटी. आधी नुसत्या शिव्या बाजूला पडायच्या. मग पुन्हा पुन्हा येणारं तेच ते रडगाणं. मग जे होण्यासारखंच नाही ते. मग जे ऐकून पाईंना वाईट वाटेल ते. बाजूला पडलेल्या चिठ्ठ्या ती फाडत नसे. चर्चच्या पेटीतला कागद फाडायला तिचं मन धजत नसे. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात टाकायची आणि झाकण लावायची.

पाई एउसेबिओ वारले. त्यांच्या जागी पाई आन्सेल्मो आले. चाळिशीच्या आतले, धडधाकट, पण आसपासच्या वस्त्यांतली अकरा छोटी देवळंही त्यांच्याच गळ्यात. दिवसभर मोटरसायकलवर. सोमवारी सकाळी ते कचेरीत टेकायचे, सुनिल्दा बर्फ घातलेल्या तेरेरेचा, तिथल्या थंड पानचहाचा, पेला भरून पुढं करायची, आणि एकाच नळीनं आळीपाळीनं तो कडवट गारवा ओढत दोघं आठवड्याचं बोलायचे.

"न्या सुनिल्दा, ह्या वेळी लोक काय म्हणतायत?" गावात मोठ्या बाईच्या नावाआधी न्या आणि मोठ्या पुरुषाच्या नावाआधी काराइ लावायची रीत.

"दोनच आहेत, पाई. लाऊडस्पीकर खरखरतोय, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गाला फळा हवाय."

"दोनच? मग चांगलं चाललंय म्हणायचं आपलं." पेला परत करत ते म्हणायचे, "तुम्ही नसता ना, तर मी कागदात बुडून मेलो असतो."

हळूहळू लोकांनाही कळलं की वाट कुठून जाते. बाजारात, नदीवर, दफनाच्या मागून चालताना बायका तिच्या कानाशी लागायच्या. "न्या सुनिल्दा, जरा पाईंच्या कानावर घालशील?" ती म्हणायची, बघते. त्या 'बघते'ला वजन होतं.

आता सिरिलो ओहेदा. वय सहासष्ट. बायको वारलेली, मुलं परगावी. हात सोन्याचे, तोंड मात्र करवतीचं. चर्चमधली सगळी बाकं त्यानंच केलेली, त्यामुळं आपल्याला इथं बोलायचा हक्क आहे असं त्याला वाटे. औषधाच्या दुकानातलं जुनं कॅलेंडर चौकोनी कापून त्याच्या पाठीवर तो सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहायचा, अर्धं स्पॅनिश, अर्धं गुआरानी, आणि खाली न चुकता सही करायचा. प्रवचन लांबलं, लिही. घंटेच्या दोराला गाठ पडली, लिही. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना स्पॅनिश कळत नाही, शुभवर्तमान गुआरानीत वाचा, असं तर त्यानं सात वेळा लिहिलं असेल.

एकदा त्यानं लिहिलं, "कचेरी आठला उघडते असं पाटीवर आहे. साडेआठला बाई किल्ली शोधत असते. पाटी बदला, नाहीतर बाई."

सुनिल्दाला ते झोंबलं. स्पेनमधून निमियाचा फोन त्याच वेळी यायचा. म्हातारा-म्हातारीला जेवू घालून पोरीला अर्धा तास मोकळा मिळायचा, तो हाच. हे सिरिलोला ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण रागाला कारणं लागत नाहीत. ती चिठ्ठी डब्यात गेली, आणि तेव्हापासून त्या जाड पेन्सिलीचं अक्षर दिसलं की ती दोन ओळी वाचायची आणि झाकण उघडायची. रोज मरे त्याला कोण रडे.

ऑगस्टमध्ये त्याची एक चिठ्ठी आली. बाजूच्या दाराच्या पायऱ्यांपैकी तिसरीच्या विटा सुटल्यात, म्हातारी माणसं त्याच दारानं जातात, बघा. डब्यात. सप्टेंबरमध्ये तीच गोष्ट, जरा रागानं. डब्यात. ऑक्टोबरमधली चिठ्ठी मोठी होती आणि मागं चित्र काढलं होतं. पायऱ्या, त्यांच्या कडेनं लाकडी कठडा, मापांसकट. "लाकूड माझं, सिमेंट माझं, हातही माझेच. फक्त हो म्हणा. न विचारता चर्चच्या भिंतीला खिळा ठोकला तर चर्चचं मंडळ माझ्या नावानं ओरडेल."

ही चिठ्ठी मात्र सुनिल्दानं पूर्ण वाचली. एवढंच नाही, ती उठून बाजूच्या दाराशी गेली, तिसऱ्या पायरीवर पाय ठेवून तिनं भार दिला. पायरी हलली. फार नाही, दुधाचा दात हलतो तशी. ती उभी राहिली, विचार केला. डिसेंबरात सांता लुसियाचा सण. पाईंना श्वास घ्यायला फुरसत नाही. आत्ता हे सांगितलं तर सिरिलो रोज येऊन ठोकाठोकी करणार आणि वर ऐकवणार की बघा, माझ्यामुळं झालं. सण होऊ दे, मग सांगू.

तिनं चिठ्ठी डब्यात ठेवली आणि घरी जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले.

सणाआधी नऊ दिवस नोव्हेना असते. रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की कुणीतरी सगळ्यांना खायला देतं. पाचवा दिवस पोर्फिरिया कासेरेसचा. एकाहत्तर वर्षांची बाई, ठेंगणी, गोल, सदा हसती. तिच्या हातच्या चिपा, चीज घातलेल्या पिठाच्या भाजक्या कड्या, अशा, की शेजारच्या गावची माणसं नोव्हेनाला पाचव्याच दिवशी यायची. सुनिल्दाच्या निमियाची ती धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमारे म्हणायच्या. सुनिल्दाचा नवरा परतायचा नाही हे कळलं तेव्हा तिच्या घरी तीन महिने रोज संध्याकाळी येऊन बसणारी हीच.

त्या दिवशी पुढच्या दाराशी फुलांची कमान चढवायचं काम चाललं होतं. पोर्फिरिया डोक्यावर चिपांची टोपली घेऊन बाजूच्या दारानं बाहेर पडली. आत सुनिल्दा मेणबत्त्या मोजत होती. आधी टोपली पडल्याचा आवाज आला, मग एक लहानसं "आय", आणि मग काहीच नाही.

ती धावत गेली. पोर्फिरिया पायऱ्यांच्या तळाशी कुशीवर पडली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. सभोवार चिपा आणि सुटलेल्या दोन विटा. चेहरा राखेसारखा, पण बोलली ती एवढंच, "कोमारे, पोरांना सांग, खालच्या चिपा झटकून घ्या म्हणावं. वाया घालवू नका."

तिला पिकअपच्या मागं गादी टाकून जिल्ह्याच्या गावी नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, दीड महिन्यानं घरी आली, पण चालणं गेलं ते गेलंच. चारपायी आधार धरून खाटेपासून दारापर्यंत, तेवढंच.

अपघातानंतरच्या रविवारी मिस्सेमागून मंडळाची बैठक होती आणि त्या दिवशी सगळं गावच जमलं. मंडळाचा अध्यक्ष विल्फ्रिदो आयाला, कोंबडीखाद्यापासून खिळ्यांपर्यंत सगळं विकणारा दुकानदार, बोलायला उठला तोच मागून सिरिलो उभा राहिला.

"त्या पायरीबद्दल मी तीन वेळा लिहिलं होतं," तो म्हणाला. "ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. शेवटच्या वेळी चित्र काढून दिलं. तुम्हा लोकांना वाचता येत नाही का वाचायचं नाही, तेवढं मला कळू दे."

पाई आन्सेल्मोंचा चेहरा उतरला. "काराइ सिरिलो, मला अशी एकही चिठ्ठी मिळालेली नाही. आलेली प्रत्येक चिठ्ठी मी बघतो." मग ते वळले. "न्या सुनिल्दा, अशी काही चिठ्ठी होती?"

सगळ्या माना वळल्या. सुनिल्दाच्या मांडीवर वही होती, हातात पेन. हो म्हणायला किती वेळ लागतो? पण त्या एका शब्दाच्या मागं सगळा डबा उभा होता, आणि त्याच्याही मागं हलणारी पायरी.

"मला नाही आठवत, पाई," ती म्हणाली.

विल्फ्रिदो हसला. "सिरिलो, तू चिठ्ठ्या मनातल्या मनात लिहिल्यास बहुतेक. पेटीत टाकायच्या राहिल्या."

लोक हसले. फार नाही, पण हसले. कुणीतरी म्हणालं, म्हातारीचं हाड मोडलं तरी ह्याला आपलंच घोडं पुढं दामटायचंय. सिरिलोनं सुनिल्दाकडं बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता. तो नुसता गोंधळला होता, आपण खरंच लिहिलं होतं ना, असं स्वतःलाच विचारत असल्यासारखा. मग त्यानं टोपी उचलली आणि बाहेर गेला.

त्यानंतर तो मिस्सेला आला नाही. नाताळला नाही, नवीन वर्षाला नाही. विल्फ्रिदोच्या दुकानात तो खिळे घ्यायला गेला की तिथं बसलेले विचारायचे, "काय सिरिलो, आज कितवी चिठ्ठी?" पुढं पुढं तो खिळे दुसऱ्या गावाहून आणायला लागला.

सुनिल्दा रोज दुपारी पोर्फिरियाकडं जायची. तिला पुसायची, केस विंचरायची, चादर बदलायची. पोर्फिरियाची लेक म्हणायची, "सख्खी बहीण करणार नाही एवढं तुम्ही करता." ते ऐकलं की सुनिल्दा खाली बघून चादरीची कड खोचत राहायची.

एकदा पोर्फिरिया छताकडं बघत म्हणाली, "कोमारे, सिरिलो भांडखोर आहे, पण खोटारडा नाही. माझ्या लग्नात टेबलं त्यानंच केली होती, वायद्याच्या दिवशी दिली. तुला खरंच आठवत नाही?"

"इतक्या चिठ्ठ्या येतात गं," सुनिल्दा म्हणाली आणि कंगवा धुवायला उठली.

जेवण जाईना. निमियाचा फोन आला की ती दोन शब्द बोलून ठेवून द्यायची. कचेरीतल्या कपाटाकडं पाठ करून बसायची, कारण डबा त्यात होता. जाळून टाकावा असं कितीदा मनात आलं. एकदा तर चुलीपर्यंत नेलाही, आणि तसाच परत आणला.

फेब्रुवारीत एका शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडं पाई आन्सेल्मो. तिनं सगळं सांगितलं. किल्ली, चाळणी, डबा, तिन्ही चिठ्ठ्या, पायरीवर ठेवलेला पाय, आणि भरल्या सभेत बोललेलं खोटं.

मग पाई म्हणाले, "इथं ऐकलेलं मला बाहेर नेता येत नाही. उद्या सिरिलो माझ्या दारात येऊन उभा राहिला तरी, बाबा तुझं खरं होतं, एवढंही मी त्याला सांगू शकणार नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं?"

तिनं जाळीवरून नजर काढली.

"न्या सुनिल्दा, एकोणीस वर्षं तुम्ही चर्चमध्ये काढलीत. ठाऊक होतं?"

"हो, पाई."

"म्हणजे ह्या वेळी तुम्ही मलाच डब्यात घातलंत."

ती रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "देवाकडं क्षमेची कमी नाही. पण एका माणसाची अब्रू तुमच्यामुळं गेली आहे. ती त्याला परत मिळायला हवी, आणि ते काम तुमच्याशिवाय कुणाला करता येणार नाही. मी तर आता मुळीच करू शकत नाही."

बाहेर पडताना तिला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. सोमवारी ते नेहमीसारखे कचेरीत आले, तेरेरेचा पेला घेतला आणि विचारलं, "लोक काय म्हणतायत?" आवाजात काही फरक नाही, नजरेत काही नाही. त्यांना तसं वागणं भागच होतं. पण तिच्या हातून पेला निसटला आणि फरशीवर बर्फ पसरला.

तरी आणखी तीन आठवडे गेले. राखेचा बुधवार झाला. उपासकाळातल्या दुसऱ्या रविवारी चर्चची वार्षिक सभा असते. त्याच्या आदल्या दिवशी सुनिल्दा पोर्फिरियाकडं गेली, खाटेशी खुर्ची ओढली आणि बोलली. मध्ये थांबली नाही.

पोर्फिरियानं ऐकून घेतलं.

"तू पाय ठेवून बघितलास?"

"हो."

"हलली?"

"हो, कोमारे."

"आणि मग तू घरी गेलीस."

पोर्फिरियानं तोंड भिंतीकडं केलं. तेवढं वळायलाही तिला खाटेची कड धरावी लागली. "लेकीला आत पाठव," ती म्हणाली. "चादर ती बदलेल."

तिथून सुनिल्दा सिरिलोच्या कारखान्यात गेली. तो एक फळी रंधत होता. तिनं बोलायला सुरुवात केली तरी रंधा थांबला नाही. ती संपली तेव्हा त्यानं फळीवरून हात फिरवला, भुसा फुंकला.

"मला सांगून काय उपयोग? मी लिहिलं होतं ते मला ठाऊकच आहे. मध्ये काही दिवस तेही वाटेनासं झालं होतं, ते सोड. ज्यांना ठाऊक नाही त्यांना जाऊन सांग."

रविवारी सभागृह भरलं होतं. सिरिलो आला आणि दाराशीच उभा राहिला. विल्फ्रिदो मागच्या वर्षीच्या कामांचा आढावा वाचत होता, तोच सुनिल्दा उठली आणि तिनं पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला.

"ह्यात तुमच्या चिठ्ठ्या आहेत," ती म्हणाली. "पाईंपर्यंत न पोचलेल्या. त्या मी अडवल्या." आणि सिरिलोच्या तीन चिठ्ठ्या काढून तिनं एकापाठोपाठ एक वाचल्या. तिसरीच्या पाठीवरचं चित्र उलटं करून सगळ्यांना दाखवलं. "डिसेंबरात पाईंनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. काराइ सिरिलो खरं बोलत होते."

विल्फ्रिदो तिच्या कोपराला धरून हळूच म्हणाला, "पुरे आता, खाली बस. घरातलं घरात मिटवू."

"घरातलंच आहे," ती म्हणाली. "म्हणून तर इथं सांगतेय."

तिला वाटलं होतं लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही. मधल्या बाकावरून एका बाईनं विचारलं, "माझी पण आहे का त्यात?" मग आणखी एक जण उठला. बघता बघता टेबलाभोवती गर्दी झाली आणि माणसं डब्यात हात घालून आपापलं अक्षर शोधायला लागली. ही गोष्ट तिच्या कधी ध्यानातच आली नव्हती. इतके दिवस तिच्या डोक्यात एक पायरी आणि एक माणूस होता. डब्यात तर सगळं गाव होतं.

तासियाना विलाल्बा नावाची शेतकरीण, काळ्या कपड्यांतली, एक लहान कागद घेऊन तिच्यासमोर आली. वहीतलं फाडलेलं पान. "हे मी लिहिलं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "की माझ्या नवऱ्याला पाईंशी बोलायचंय, तो आता उठत नाही, घरी या. आम्ही वाट बघितली. तो म्हणायचा, येतील, कामात असतील. मरेपर्यंत म्हणत होता."

सुनिल्दाला ती चिठ्ठी आठवत होती. पाई तेव्हा आठवडाभर बिशपांकडं गेले होते. ते आले की सांगू म्हणून तिनं ती वेगळी ठेवली, आणि वेगळ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांची जागा डबाच असल्यामुळं ती डब्यात गेली. मुद्दाम नव्हे. पण हे ती कोणत्या तोंडानं सांगणार? तासियाना थोडा वेळ थांबली, मग कागद घडी करून बाहेर गेली.

पाई आन्सेल्मो उठले. "किल्ली माझी होती," ते म्हणाले. "चार वर्षांत मी ती एकदाही मागितली नाही. आठवड्याला दोनच चिठ्ठ्या येतात ह्याचं मला कधी नवल वाटलं नाही, बरंच वाटलं. न्या तासियानाच्या घरी मी आजच जाणार आहे. उशीर झालाय हे मला कळतं."

मग रीत बदलली. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर आवारातल्या आंब्याखाली सगळ्यांसमोर पेटी उघडायची. दर वेळी वेगळी दोन माणसं. प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची आणि पाईंनी तिथंच सांगायचं, होईल, होणार नाही, किंवा विचारून सांगतो, आणि का ते. घरातलं, आजारपणाचं, लाजेचं असेल तर चिठ्ठीवर फुली करायची. ती चिठ्ठी न उघडता पाईंच्या हातात जायची. ही फुलीची सूचना सिरिलोची.

पहिलं वाचन अडीच तास चाललं आणि भांडणात संपलं. मोटरसायकल भरधाव हाकण्यावरून पाईंना टोमणे बसले, विल्फ्रिदोला तर फारच काही. तो पुढच्या महिन्यात अध्यक्षपद सोडून मोकळा झाला. काही लोकांनी लिहिणंच बंद केलं. चारचौघांत वाचलं जाणार म्हणून अक्षर ओळखू येण्याची भीती. पण गुआरानीत शुभवर्तमान वाचणं सुरू झालं. बाजूच्या दाराला कठडा लागला. सिरिलोनं तो दोन दिवसांत बसवला, आणि पाई आभार मानायला बाहेर येईपर्यंत हत्यारं आवरून निघूनही गेला. तो आता मिस्सेला येतो. सुनिल्दा दिसली तर मान हलवतो, बोलत नाही. तासियाना तेवढंही करत नाही.

कचेरी सुनिल्दानं आपणहून सोडली. कुणी राहा म्हटलं नाही. आंब्याखाली एका कडेला ती वही घेऊन बसायला लागली, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची चिठ्ठी लिहून द्यायला. पहिले दोन महिने तिच्याकडं कुणी फिरकलं नाही.

ईस्टर होऊन गेल्यावर एके दिवशी पोर्फिरियाची लेक तिच्या दारात आली. "आईनं बोलावलंय. कागद आणा म्हणाली."

पोर्फिरिया खाटेवर टेकून बसली होती. बारीक झाली होती, गालांची कातडी सुटलेली. बस म्हणाली नाही, तरी सुनिल्दा बसली.

"लिही," पोर्फिरिया म्हणाली. कोमारे म्हणाली नाही. "मंगळवारी घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतात. मंगळवारी माझी लेक बाजारात असते. दार उघडायला मला उठावं लागतं, आणि ते लोक बाहेर उभे राहतात तोवर मी घामाघूम होते. गुरुवारी यावं."

सुनिल्दानं लिहिलं.

"वाच."

तिनं वाचलं. "मंगळवारी माझी लेक बाजारात असते. दार उघडायला मला उठावं लागतं, आणि तुम्ही बाहेर उभे राहता तोवर मी घामाघूम होते. कृपया गुरुवारी यावं."

"कृपया मी म्हटलं नव्हतं," पोर्फिरिया म्हणाली. "ते लोक मी म्हटलं होतं, तुम्ही नाही. खोड."

सुनिल्दानं दोन्ही खोडलं, वर नीट अक्षरात दुरुस्त केलं.

"आता पुन्हा वाच. सावकाश."

ती सावकाश वाचायला लागली. पोर्फिरिया डोळे मिटून, एकेक शब्द पारखत ऐकत होती.